गेरीत हरवलेली बहीण पहिल्या ओळीत की शेवटच्या?

इंदूरच्या मराठी घरातल्या पाचवी-सहावीच्या मुलाला 'रंगपंचमीची गेर', म्हणजे त्या दिवशी शहरातून निघणारी रंगाची मिरवणूक, या विषयावर स्वतःचा अनुभव लिहायला सांगा. बहुतेक वह्यांत पहिलं वाक्य ठरलेलं असतं: 'त्या दिवशी मी सकाळी लवकर उठलो.' मग दात घासणं, पोहे-जिलेबी, जुने कपडे, बाबांची स्कूटर. राजवाड्यापाशी पोहोचेपर्यंत पान संपत आलेलं असतं, आणि टँकरमधून उंच उडणाऱ्या रंगाच्या वाट्याला उरते एक ओळ: 'खूप मजा आली.'

याला आळस म्हणू नये. कार्ल बेराइटर आणि मार्लीन स्कार्डामालिया या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॅनडात शाळकरी मुलांच्या लेखनाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. १९८७ मध्ये त्यांनी मांडलं ते असं: नवखा लिहिणारा एक वाक्य उतरवतो, आठवणीला विचारतो 'मग?', आणि जे हाती लागेल ते पुढे लिहितो. आठवणीला मात्र नेहमीचे क्रम तोंडपाठ असतात. गॉर्डन बॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये लोकांना रोजच्या पाच कामांत काय काय घडतं त्याची यादी करायला सांगितली. हॉटेलात जेवणं, डॉक्टरकडे जाणं वगैरे कामांत 'सकाळी उठून आवरणं' हेही एक होतं. वेगवेगळ्या लोकांच्या याद्या बऱ्याच सारख्या निघाल्या. म्हणजे 'लवकर उठलो' हे वाक्य मुलाच्या डोक्यात तयारच असतं, तसं ते वाचणाऱ्याच्याही डोक्यात असतं. त्याला त्यातून नवं काही मिळत नाही. याच अभ्यासात असंही दिसलं की ठरलेल्या क्रमात काही बिनसलं, अडथळा आला, तर तेवढा भाग लोकांच्या जास्त लक्षात राहतो.

बिनसलं काय ते आधी शोधा आणि तिथून सुरुवात करा, एवढं सांगून भागलं असतं. अडचण अशी की लिहिताना डोक्यात एकाच वेळी बरंच काही चाललेलं असतं. लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांनी लिहिणाऱ्यांना लिहिता लिहिता मनातलं मोठ्याने बोलायला लावलं. तेव्हा दिसलं की आखणी, वाक्यं जुळवणं आणि लिहिलेलं तपासणं या गोष्टी एकामागून एक होत नाहीत. माणूस एका वाक्यातसुद्धा या तिन्हींत ये-जा करतो. आणि मनात एका वेळी धरून ठेवता येतात त्या गोष्टी फार थोड्या, नेल्सन कोवन यांच्या २००१ च्या मांडणीप्रमाणे साधारण चार. या चारांत प्रसंगाचा क्रम, पुढचं वाक्य, 'ळ' की 'ल' आणि बाई काय म्हणतील, हे सगळं बसवायचं.

आराखड्याचा उपयोग इथे होतो. रोनाल्ड केलॉग यांच्या १९८८ च्या प्रयोगात आधी आराखडा करणाऱ्या विद्यार्थ्यांचं लेखन सरस ठरलं. (ती पत्रं होती, गोष्टी नव्हेत, हे ध्यानात ठेवावं.) पहिला खर्डा कच्चा लिहिला की नीटनेटका, याने फारसा फरक पडला नाही. नुसता मनात केलेला आराखडाही कागदावरच्या इतकाच कामी आला. क्रमाचा प्रश्न आधी मिटला की डोकं वाक्यांसाठी मोकळं होतं.

आपल्या शाळेत 'मुद्द्यांवरून गोष्ट लिहा' असा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो. त्याबद्दल माझी तक्रार एवढीच की त्यात सगळ्यात अवघड काम, म्हणजे क्रम ठरवणं, पेपर काढणाऱ्यानेच उरकलेलं असतं. मुलाने फक्त मधल्या जागा भरायच्या. आणि मुद्दे नेहमी घडलं त्याच क्रमाने दिलेले!

घडण्याचा क्रम आणि सांगण्याचा क्रम वेगळा असू शकतो. विल्यम ब्रूअर आणि एडवर्ड लिख्टनस्टाइन यांनी १९८२ मध्ये यावरच बोट ठेवलं: घटना त्याच ठेवून त्यांची मांडणी बदलली की वाचणाऱ्याच्या मनात वेगळीच भावना उठते. समजा, गेरीच्या गर्दीत धाकट्या बहिणीचा हात सुटला आणि ती अर्ध्या तासाने कृष्णपुरा छत्रीपाशी (होळकरांच्या समाधीच्या वास्तूपाशी) आत्याबरोबर सापडली.

हात सुटला तो क्षण आधी सांगितला, तर पुढचं प्रत्येक वाक्य वाचणारा धाकधुकीत वाचतो. मग गुलालाच्या धुरळ्यात प्रत्येक चेहरा सारखाच लाल-हिरवा दिसतो हे वर्णनही नुसतं वर्णन राहत नाही, कारण त्यातूनच तिला ओळखायचं असतं.

सुरुवात शेवटाकडूनही करता येते: आई छत्रीपाशी उभी आहे, चिमुरडीला घट्ट धरून रडते आहे. का, ते अजून सांगितलेलं नाही, आणि काहीतरी राहिलंय हे वाचणाऱ्याला कळतं. इथे धाकधूक नाही, कुतूहल आहे. असं लिहिताना कारण फार लांबवलं तर कुतूहलाचा कंटाळा होतो.

तिसरी तऱ्हा धक्क्याची. आत्या आधीच छत्रीकडे निघाली होती आणि तिनेच मुलीला कडेवर घेतलं होतं, ही माहिती लपवायची, पण काही लपवलंय याचा सुगावा लागू द्यायचा नाही. शाळकरी मुलांना हीच तऱ्हा सर्वांत आवडते आणि हीच सर्वांत कमी साधते. आत्या आधी कुठेतरी, सहज, दिसून गेलेली असावी लागते. नाहीतर ती शेवटी आकाशातून टपकल्यासारखी वाटते. तिला कुठे डोकवायचं हे आखणीतच ठरवावं लागतं.

आता वाचणारा. पुण्यातल्या आतेभावाला रंगपंचमी ठाऊक असते, पण गेर म्हणजे रस्ते भरून, टँकर-तोफांसकट राजवाड्यावरून जाणारी मिरवणूक, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. इंदुरी मुलाला ते सांगण्याची गरजच वाटत नाही. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्डला काहींना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर वाजवायला सांगितला. वाजवणाऱ्यांना वाटलं, ऐकणारे निम्मी गाणी ओळखतील. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, समोरच्याला ऐकू येते नुसती टकटक.

ही माहिती द्यायची कुठे, हेही महत्त्वाचं. जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन यांनी १९७२ मध्ये कपडे धुण्याचं मुद्दाम मोघम वर्णन लोकांना ऐकवलं. विषय आधी सांगितला तेव्हा ते समजलं आणि लक्षात राहिलं. ऐकवून झाल्यावर सांगितला तेव्हा काही उपयोग झाला नाही. म्हणून गेर काय ते पहिल्या चार-सहा ओळींतच, पण घटनेच्या ओघात यावं. आधी इतिहासाचा परिच्छेद नको.

परिच्छेद तोडायची जागा आखताना काळाकडे पाहावं. रॉल्फ झ्वान यांच्या १९९६ च्या प्रयोगांत 'क्षणभराने' ऐवजी 'तासाभराने' असं वाचताना लोक थोडे रेंगाळले. मन तिथे मागचा प्रसंग मिटून नवा उघडतं. अर्धा तास शोधाशोध झाली असेल तर ती उडी नव्या परिच्छेदावर पडलेली बरी.

आणि 'खूप मजा आली'चं काय? विल्यम लबॉव्ह यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये लोकांना जिवावर बेतलेले प्रसंग सांगायला लावले. चांगले सांगणारे ऐन उलगड्याच्या आधी थांबत आणि आपल्याला काय वाटलं, काय होऊ शकलं असतं, ते बोलत. तो थांबा 'बरं, मग त्याचं काय?' असं विचारायची वेळच येऊ देत नाही. आपल्या मुलांच्या वहीत 'खूप मजा आली' हे वाक्य शेवटी, तेही सगळ्या विषयांना सारखंच येतं. ते छत्री दिसण्याच्या अगोदर सरकवून, 'मजा' ऐवजी त्या वेळी पोटात काय झालं ते लिहिलं, तर निबंधाचा नूर पालटतो.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक अडसर असतो: अक्षर काढणं. बेआट्रिस बूर्दँ आणि मिशेल फायोल यांना १९९४ मध्ये आढळलं की ऐकलेले शब्द बोलून सांगण्यापेक्षा लिहून सांगताना मुलांना कमी आठवतात. मोठ्यांत हा फरक नव्हता. पण सवय नसलेल्या वळणात लिहायला लावल्यावर मोठेही मागे पडले. इंदूरच्या मुलांना देवनागरी हिंदीमुळे सरावाची असते, पण मराठीचा 'ळ' अजून हाताला बसलेला नसतो. त्यामुळे वही उघडण्याआधी मुलाला हकीकत मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करू द्यावी, शक्यतो गेर न पाहिलेल्या आतेभावासाठी. तो जिथे 'थांब, हे कुठे झालं?' असं विचारेल, तिथे आराखड्यात खूण करायची.