पडलेला त्रिकोण आणि बालवाडीचा प्रवेश

जांभळ्या नळीतून पिवळी नळी ओढली की चूं असा आवाज येतो. शेजारच्या नळीच्या तोंडाशी एक बटण दडवलंय, ते दाबलं की दिवा लागतो. एका ठिकाणी सूर वाजतात आणि एका नळीत आरसा लपवलाय. एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका प्रयोगासाठी मुद्दाम तयार केलेलं हे खेळणं. चार ते सहा वर्षांच्या मुलांपुढे ते ठेवलं. काही मुलांना ताईंनी सांगितलं, "हे बघ, माझं खेळणं कसं चालतं ते तुला दाखवते," आणि फक्त चूं वाजवून दाखवलं. इतर काही मुलांसमोर ताईंनी नळी चुकून ओढल्यासारखी केली, "अय्या, हे काय!" म्हणाल्या आणि खेळणं मुलाच्या हाती दिलं.

ज्यांना नीट शिकवलं होतं, ती मुलं चूं, चूं करत राहिली आणि लवकर कंटाळली. ज्यांना शिकवलं नव्हतं ती जास्त वेळ खेळली, आणि दिवा, सूर, आरसा यांतलं बरंच काही त्यांना सापडलं. हा शोधनिबंध 2011 चा. पहिल्या गटातल्या मुलांचा तर्क चुकला नव्हता, हे महत्त्वाचं. एवढ्या मोठ्या बाई दाखवताहेत, अजून काही असतं तर त्यांनी तेही दाखवलं नसतं का?

हे वाचून लगेच "म्हणजे मुलांना शिकवूच नये" असं म्हणणारे पालक मला भेटतात. तसं नाही. त्या मुलांना चूं कसं वाजवायचं हे एका झटक्यात कळलं, हेही त्याच प्रयोगात दिसतं. शिकवल्याने शिकता येतं. त्याची किंमत काय पडते, एवढाच प्रश्न आहे.

प्ले ग्रुपच्या प्रवेशाचे फॉर्म निघाले की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडतात. एकीकडे मॉन्टेसरीसारखी बालकेंद्री शाळा: मूल हवं ते साहित्य घेणार, हवा तितका वेळ बसणार. दुसरीकडे नेहमीची: रांगेत बाक, मुळाक्षरं, एक ते शंभर, आणि रोज वहीभर गिरवणं. गंमत म्हणजे या दुसऱ्या प्रकारच्या शाळेच्या पाटीवरही बऱ्याचदा 'मॉन्टेसरी'च लिहिलेलं असतं. त्या नावावर कोणाची मालकी नाही, कोणीही ते लावू शकतं. माझ्या भाचीला साडेतीन वर्षांची असताना अशाच एका शाळेतून '1 ते 50 दोनदा लिहून आणणे' असा गृहपाठ आला होता. तिच्या आजीने तो डाव्या हाताने, मुद्दाम वाकडा काढून पुरा केला.

ही पद्धत काढणाऱ्या इटलीच्या डॉक्टर मारिया मॉन्टेसरींनी 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपली पहिली बालशाळा सुरू केली, तेव्हा तिथे श्रीमंतांची मुलं नव्हती. आपल्याकडे ही पद्धत 'महागडी' ठरली हा नंतरचा घोटाळा. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर दक्षिणामूर्ती बालमंदिरात काम केलेल्या ताराबाई मोडक यांना तो दिसला होता. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि 1945 मध्ये ताराबाई आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या. विकतचे लाकडी संच खेड्याला परवडणारे नव्हते. मग बिया, शिंपले, खडे, पानं हेच साहित्य झालं. पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, म्हणून शाळा त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडीचं मूळ इथलं. पुढे कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. 1975 मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. शब्द जितका पोचला तितकी पद्धत पोचली नाही, असं माझं मत.

मग पुरावा काय सांगतो? अडचण अशी की मॉन्टेसरी शाळा निवडणारे पालकच वेगळे असतात. मूल हुशार निघालं तर श्रेय शाळेचं की घरचं? यावर तोड म्हणजे लॉटरी. अमेरिकेत मिलवॉकीच्या एका सरकारी मॉन्टेसरी शाळेत जागांपेक्षा अर्ज जास्त, म्हणून चिठ्ठ्या टाकून प्रवेश व्हायचे. अँजेलिन लिलार्ड आणि निकोल एल्स-क्वेस्ट यांनी चिठ्ठी लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना 2006 मध्ये प्रसिद्ध केली. पाच वर्षांची मॉन्टेसरीतली मुलं वाचनाच्या तयारीत, गणितात आणि भांडण न्याय्यपणे सोडवण्यात पुढे होती. पण फ्रान्समध्ये गरीब वस्तीतल्या मुलांवर तसाच अभ्यास झाला (2021), तिथे वाचनात फायदा दिसला, गणितात नाही. आणि लिलार्ड यांनाच 2012 मध्ये दिसलं की मूळ पद्धतीत वर्कशीट वगैरेंची भेसळ केली की फायदा आटतो.

उलट बाजूने अमेरिकेतल्याच टेनेसी राज्याचा अनुभव आहे. तिथल्या सरकारी बालवर्गात गेलेली मुलं वर्षाअखेरीस पुढे होती. सहावीपर्यंत मात्र ती प्रवेश न मिळालेल्या मुलांच्याही मागे पडली. हा 2022 चा निष्कर्ष. याचं कारण अजून कोणी सिद्ध केलेलं नाही. तरीही 'आज वहीत दिसतंय म्हणजे पाया पक्का' हे आपलं गणित त्यातून चांगलंच हलतं.

मला स्वतःला सगळ्यात पटलेला प्रयोग त्रिकोणांचा आहे. चार-पाच वर्षांच्या मुलांना उभा, ऐटबाज त्रिकोण लगेच ओळखता येतो. तोच लांबुडका केला किंवा टोकावर उलटा उभा केला की "हा त्रिकोण नाहीये". केली फिशर, कॅथी हर्श-पासेक आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये तीन गट केले. एका गटाला मोठ्यांनी नियम सांगितले आणि मुलं नुसती बघत राहिली. दुसऱ्याला आकार देऊन मोकळं सोडलं. तिसऱ्या गटात मोठी माणसं मुलांबरोबर गुप्तहेर बनली: "या सगळ्यांचं एक गुपित आहे, ते शोधू या. बाजू मोज बरं." वेडेवाकडे त्रिकोण ओळखण्यात तिसरा गट सरस ठरला. मोकळं सोडलेली मुलं जवळपास होती तिथेच राहिली.

म्हणजे 'मुलाच्या कलाने' याचा अर्थ बाईंनी हात बांधून बसणं नव्हे. हर्श-पासेक याला मार्गदर्शित खेळ म्हणतात: काय शिकायचं ते मोठ्याच्या डोक्यात असतं, हात मात्र मुलाचे चालतात.

लिहिण्याबद्दल थोडं. 'मुलाच्या मनगटाची हाडं तयार नसतात, म्हणून लिहायला लावू नका' असा एक्स-रेचा फोटो सगळीकडे फिरतो. मनगटाची आठही हाडं एक्स-रेत दिसायला बाराव्या वर्षाच्या आसपास वेळ लागतो हे खरं, पण तेवढं थांबायचं तर सहावीपर्यंत पेन्सिलच नको! अडतं ते बोटांच्या ताब्यावर. चिमटीने दाणे उचलणं, कणीक मळणं, कात्री चालवणं यातून तो येतो.

म्हणून शाळा बघायला गेलात तर पाटी आणि फळ्यावरची सजावट सोडून द्या. वर्ग चालू असताना वीस मिनिटं कोपऱ्यात बसू देतात का विचारा. मुलाच्या हातून पाणी सांडलं की फडकं कोण आणतं, ते बघा. मूल काहीतरी चुकीचं लावत असेल तर ताई किती वेळ गप्प राहतात, आणि तोंड उघडल्यावर उत्तर देतात की प्रश्न विचारतात? मुलाला वाटेल ते करू देणारी, पण त्याच्याशी तासभर कोणी बोलतच नाही अशी शाळाही मी पाहिली आहे. ती मला रांगेतल्या बाकांइतकीच नकोशी वाटली.

गेल्या दिवाळीत भाची आजीशेजारी शंकरपाळी कापायला बसली होती. लाटलेल्या पोळीच्या कडेला कापलेला तुकडा तिच्या हातात आला: दोन बाजू सरळ, तिसरी गोलसर.

"हा त्रिकोण आहे का गं?" आजीने विचारलं.

तिने बोटाने बाजू मोजल्या. तीन झाल्या. मग गोल बाजूवरून बोट पुन्हा फिरवलं, थांबली.

"थोडासा," म्हणाली, आणि तुकडा कच्चाच तोंडात टाकला.