लाल ठिपका निवडताना आधी डोळा बघा

उघड्या साइटने, म्हणजे पिस्तुलावरच्या खाच आणि पात्याच्या जोडीने, नेम धरताना डोळ्याला तीन अंतरं एकदम सांभाळावी लागतात. मागच्या साइटची खाच हातभर दूर, पुढच्या साइटचं पातं तिच्याही पुढे वीतभर, आणि टार्गेट २५ मीटरवर. डोळ्याचं भिंग एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतं, त्यामुळे यातलं काहीतरी धूसर राहणारच. प्रशिक्षक पुढचं पातं स्पष्ट ठेवायला सांगतात, कारण तिथली चूक सर्वांत महाग पडते. दोन साइटमध्ये २२० मिलिमीटर अंतर असेल आणि पातं खाचेच्या मध्यापासून फक्त ०.१ मिलिमीटर सरकलं, तर २५ मीटरवर गोळी ११ मिलिमीटर बाजूला जाते. तरुण डोळा ही कसरत निभावून नेतो. चाळिशी लागली की पातंच पुसट होऊ लागतं, आणि पात्यासाठी चष्मा घातला तर टार्गेटचा काळा गोल विरघळतो.

रेड डॉट साइटने ही कसरतच संपते. तिच्या पुढच्या टोकाला एक लहानशी काच असते, नेमबाजाच्या बाजूने किंचित अंतर्वक्र. काचेच्या नाभीवर एक अगदी बारीक एलईडी बसवलेला असतो. त्याचा प्रकाश काचेवर आपटून समांतर किरणांच्या रूपात डोळ्याकडे परततो. समांतर किरण म्हणजे डोळ्याच्या लेखी फार दुरून आलेला प्रकाश, म्हणून ठिपका हातातल्या साइटवर न दिसता टार्गेटपाशी तरंगताना दिसतो. नजर टार्गेटवर ठेवायची, ठिपका तिथे आपोआप स्पष्ट असतो. टार्गेटवर मात्र काहीही पडत नाही. लेझर पॉइंटरशी याची गल्लत बरेच जण करतात, पण रेड डॉटचा ठिपका फक्त साइटमागच्या डोळ्यालाच दिसतो.

कल्पना जुनी आहे. डब्लिनमध्ये दुर्बिणी घडवणाऱ्या हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली ती मांडली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मन लढाऊ विमानांवर अशा साइट आल्या, आणि १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने एलईडी वापरून ती हातातल्या शस्त्रासाठी बाजारात आणली.

काचेवर एक पातळ लेप असतो. तो लाल रंगाचा अरुंद पट्टा परतवतो आणि बाकीचा प्रकाश आरपार जाऊ देतो. समोरच्या दृश्यातून थोडा लाल रंग वजा होतो, म्हणून या काचेतून जग किंचित निळसर दिसतं. थोडी छटा स्वाभाविक आहे. दृश्य गडद निळं आणि मंद वाटत असेल, तर अंधाऱ्या इनडोअर रेंजवर त्या साइटचा त्रास होईल.

हे तंत्र डोळ्याचं ओझं कमी करतं, हात स्थिर करत नाही. उलट हाताची थरथर आता लख्ख दिसू लागते. ताणून धरलेल्या हातात सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा होणारं सूक्ष्म कंपन प्रत्येक माणसात असतं, शिवाय श्वास आणि खांद्याचे सावकाश झोके. उघड्या साइटमागे धूसर टार्गेट हे सगळं झाकून टाकतं. रेड डॉट लावल्यावर ठिपका काळ्या गोलात नाचताना दिसतो, नेमबाज तो नेमका मध्यावर येण्याच्या क्षणाची वाट बघतो, आणि तो क्षण आला की ट्रिगर झटक्यात ओढतो. गोळी भरकटते ती त्या झटक्याने. साइट निवडण्याआधी हे मनाशी पक्कं करावं, कारण ‘ठिपका जितका लहान तितका नेम अचूक’ हा समज याच गोंधळातून आला आहे.

ठिपक्याचा आकार एमओएमध्ये सांगतात. एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, २५ मीटरवर साधारण ७.३ मिलिमीटर आणि ५० मीटरवर १४.५. आता हे टार्गेटशी ताडून बघा. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या २५ मीटर प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं आणि काळा गोल २०० मिलिमीटरचा असतो. म्हणजे २५ मीटरवर दहाचं वर्तुळ जवळजवळ ७ एमओए, काळा गोल साडेसत्तावीस. ४ एमओएचा ठिपका २९ मिलिमीटर जागा व्यापतो आणि दहाच्या आत मावतो. ८ एमओएचा ठिपका दहाचं वर्तुळ पूर्ण झाकतो.

झाकलं म्हणून बिघडतं का? माझ्या मते नाही. एका गोलाच्या मधोमध दुसरा गोल ठेवणं डोळ्याला उत्तम जमतं. भोवतीचं काळं कडं चहूबाजूंनी सारखं आहे की नाही, हे तो मोजमाप न करता ओळखतो. मोठा ठिपका बारीक कंपन स्वतःत सामावून घेतो आणि मन शांत ठेवतो. २ एमओएचा ठिपका प्रत्येक हेलकावा दाखवतो आणि त्याच्या मागे धावायला लावतो. एका हाताने २५ मीटरवर नेमबाजी करणाऱ्याला मी ४ ते ६ एमओए सुचवेन, ५० मीटरसाठी २ ते ४. वेगाने एकामागून एक गोळ्या झाडायच्या असतील तर ६ ते ८ एमओएचा ठिपका नजरेला लवकर सापडतो.

आकाराहूनही मोठा प्रश्न ठिपक्याच्या रूपाचा. पुष्कळांना तो गोल दिसतच नाही: कुणाला स्वल्पविरामासारखा, कुणाला द्राक्षांच्या घडासारखा, कुणाला किरणं फुटलेला. बहुतेक वेळा कारण साइटमध्ये नसून डोळ्याच्या दृष्टिवैषम्यात असतं. बुबुळावरच्या पारदर्शक पटलाची वक्रता उभ्या आणि आडव्या दिशेने वेगळी असली की प्रकाशाचा बिंदू एका जागी जुळत नाही. तपासणं सोपं आहे. साइट पिस्तुलावर नसताना हातात धरून तिच्या अक्षाभोवती फिरवा. ठिपक्याची शेपटी साइटबरोबर फिरली तर खोट साइटमध्ये, जागच्या जागी राहिली तर डोळ्यात. फोनच्या कॅमेऱ्यातून बघितलं तरी उलगडा होतो. डोळ्याचाच दोष असेल, तर सिलिंडर नंबरचा (दृष्टिवैषम्य दुरुस्त करणारा) योग्य चष्मा घालून पुन्हा बघा. महागड्या साइटने तो दोष जात नाही, आणि म्हणूनच साइटवर खर्च करण्याआधी डोळे तपासून घ्यावेत असं मी आग्रहाने सांगेन. प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत दूरचा आणि जवळचा नंबर असलेला) वापरणाऱ्यांनी नेमबाजीसाठी फक्त दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करावा, म्हणजे स्पष्ट भाग शोधायला मान वाकडी करावी लागत नाही.

रंगाचं म्हणाल तर लाल एलईडी कमी व्होल्टेजवर चालतो आणि ३ व्होल्टच्या बटण सेलवर आरामात निभावतो, म्हणून तो रूढ झाला. दिवसाच्या उजेडात डोळा सर्वांत संवेदनशील असतो तो ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला. काही पुरुषांना जन्मतः लाल रंग मंद दिसतो. त्यांनी हिरवा ठिपका जरूर डोळ्यासमोर धरून बघावा.

प्रखरतेकडे मात्र अक्षम्य दुर्लक्ष होतं. ठिपका हवा त्याहून प्रखर ठेवला की त्याच्या कडा फुलतात, ४ एमओएचा ठिपका सहासारखा दिसतो, दृष्टिवैषम्याची शेपटीही लांबते. पांढऱ्या कागदावर उन्हात जी पातळी लागते ती काळ्या गोलावर आणि सावलीत फार जास्त होते. टार्गेटकडे बघत ठिपका जेमतेम नजरेत भरेल इतका कमी करत न्यावा. त्यासाठी बारीक टप्प्यांत, हाताने बदलता येणारी प्रखरता हवी. आपोआप प्रखरता बदलणाऱ्या साइट ऐकायला छान वाटतात, पण त्यांचा सेन्सर उजेड मोजतो तो नेमबाजाजवळचा. नेमबाज छपराखाली आणि टार्गेट उन्हात असेल तर ठिपका नेमका हवा तेव्हा फिका पडतो.

यानंतर खिडकी, म्हणजे ज्या काचेतून बघायचं तिचा आकार. पसरलेल्या हातावर साइट डोळ्यापासून साधारण ६५० मिलिमीटरवर असते. २० मिलिमीटरच्या खिडकीत पिस्तूल ०.९ अंशाहून जास्त वळलं तर ठिपका गायब होतो. ३० मिलिमीटरची असेल तर ही सवलत १.३ अंशांपर्यंत जाते. नवख्याला हा फरक खूप जाणवतो, ठिपका शोधत पिस्तूल हलवण्यात त्याची निम्मी एकाग्रता जाते. याच कारणाने स्थिर टार्गेटसाठी मला नळीच्या आकाराची साइट जास्त पसंत आहे. नळीची गोल कड आणि टार्गेटचा गोल एकमेकांत बसतात, बाजूचा उजेड आत येत नाही, आणि एलईडीवर धूळ किंवा पाण्याचा थेंब बसून ठिपका बंद पडत नाही. नळी नसलेल्या, उघड्या काचेच्या छोट्या रिफ्लेक्स साइट ३० ग्रॅमच्या आसपास भरतात. वजन वाचवणं खरंच गरजेचं असेल तिथे त्या उत्तम.

जाहिरातीत ‘पॅरलॅक्स नाही’, म्हणजे डोळा सरकला तरी नेम सरकत नाही, असं लिहिलेलं असतं, ते शब्दशः घेऊ नये. किरण अगदी समांतर असले तरी डोळा अक्षापासून ५ मिलिमीटर सरकला की नेम टार्गेटवर ५ मिलिमीटर सरकतो, मग टार्गेट २५ मीटरवर असो की ५०. एवढं सहज चालतं. खरी अडचण साध्या गोलीय काचेची: तिच्या कडेकडचे किरण पुरेसे समांतर नसतात, आणि ती चूक अंतराबरोबर वाढते. चांगल्या साइटमध्ये दोन काचा जोडून ती कमी केलेली असते. साइट एका टेकूवर पक्की बसवा, ठिपका दूरच्या खुणेवर ठेवा आणि फक्त डोकं हलवा. ठिपका खिडकीच्या कडेला गेल्यावर खुणेपासून स्पष्ट हलला, तर ती साइट नको.

बसवण्याची जागा पिस्तुलावर अवलंबून. रुगर मार्क मालिकेतल्या पिस्तुलांत फक्त आतला बोल्ट मागे-पुढे होतो आणि रेल, म्हणजे साइट बसवायची पट्टी, स्थिर राहते, तिथे साइटला फारसे धक्के बसत नाहीत. स्लाइडवर (पिस्तुलाच्या मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागावर) बसवलेल्या साइटला प्रत्येक गोळीमागे दोनदा जोराचा धक्का सोसावा लागतो, शिवाय वजन वाढल्यामुळे स्लाइडची चाल बदलते आणि कधी स्प्रिंगही बदलावी लागते. स्क्रू रिकाम्या पिस्तुलावर, उत्पादकाने सांगितलेल्या घट्टपणाने आवळावेत आणि त्यांच्यावर रंगाची बारीक रेघ ओढावी, म्हणजे सैल पडलेला स्क्रू लगेच दिसतो.

बॅटरीची फार चिंता नको. सीआर२०३२ सेलमध्ये साधारण २२५ मिलिअँपिअर-तास वीज असते. १ मिलिअँपिअर खाणारी साइट २२५ तास चालेल, तिच्या शंभराव्या हिश्श्यात भागवणारी दोन वर्षांहून जास्त.

आणि नियम आधी वाचा. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या पिस्तूल प्रकारांत फक्त उघड्या साइट चालतात, ठिपका दाखवणाऱ्या नाहीत. अमेरिकेतल्या बुल्सआय स्पर्धांत त्या चालतात आणि सर्रास दिसतात. तिथे २५ आणि ५० यार्ड अशा दोन अंतरांवर नेमबाजी होते, म्हणून साइटच्या क्लिक (नेम सरकवणाऱ्या स्क्रूचे टप्पे) विश्वासार्ह असणं फार मोलाचं. पॉइंट २२ (इंचात मोजलेला व्यास) च्या नेहमीच्या गोळीला २५ वरून ५० वर जाताना साधारण २ ते ३ एमओएचा बदल लागतो, म्हणजे अर्ध्या एमओएच्या क्लिक असतील तर चार ते सहा. टेकूवरून पाच गोळ्यांचा गट घ्या, गटाच्या मध्यावरून दुरुस्ती करा, दुसऱ्या अंतरासाठी क्लिक मोजून लिहून ठेवा, मग तितक्याच क्लिक उलट फिरवून पुन्हा पहिल्या अंतरावर गट घ्या. गट मूळ जागी परतला नाही, तर माउंट (साइट पिस्तुलाला जोडणारा भाग) आणि स्क्रू तपासा. ते घट्ट असतील, तर दुसरी साइट बघा.