दिवाडी बेट सांभाळायचं कोणी? थोडी पार्श्वभूमी

गोव्यातलं दिवाडी बेट म्हटलं की बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात, फेरीबोट आणि ऑगस्टमधला बोंदेरां हा झेंड्यांचा सण. बेटावरच्या लोकांचं बोलणं मात्र वेगळ्याच विषयांवर चालतं, बांध फुटला, खारं पाणी शेतात शिरलं, कोमुनिदादच्या, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या, जमिनीचं काय करायचं, पूल हवा की नको. वरवर हे चार वेगळे विषय वाटतात, पण खाली प्रश्न एकच आहे, या बेटाची जमीन नक्की सांभाळायची कोणी? आणि तो प्रश्न आजचा नाही, पोर्तुगीज यायच्याही आधीचा आहे.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. मांडवी समुद्राला मिळायच्या आधी तिच्या पात्रात बेटांचा एक घोळका आहे, चोडण, दिवाडी, जुवे, कुंभारजुवे आणि दिवाडीला लागून चिमुकलं वांशी. हा सगळा तिसवाडी तालुका. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर जी हिरवी टेकडी आणि तिच्यावर पांढरं चर्च दिसतं ती दिवाडी. टेकडीवर पिएदाद गाव, पलीकडे मालार, उत्तरेच्या टोकाला नार्वे, आणि उरलेलं जवळजवळ सगळं सखल. गाडीने जायचं तर फेरीशिवाय इलाज नाही, एक जुन्या गोव्याहून, एक रायबंदरहून आणि तिसरी डिचोलीच्या बाजूने, तिकडच्याही गावाचं नाव नार्वेच. गंमत म्हणजे मुंबईहून कोकण रेल्वेने मडगावला गेला असाल तर थिवी सुटल्यावर करमळी यायच्या आत तुम्ही दिवाडी ओलांडलेली असते. रेल्वेला पूल आहे, पण बेटावर स्टेशन नाही.

या सखल भागाला खाजन म्हणतात आणि दिवाडीचं अर्धं राजकारण तिथेच आहे. मांडवीला भरती येते तेव्हा समुद्राचं खारं पाणी आत खूप लांबपर्यंत चढतं, म्हणजे ही शेतं मुळात पाण्याखालची. कोणे एके काळी लोकांनी चिखल, पेंढा आणि जांभा दगड वापरून बांध घातले आणि जमीन नदीकडून काढून घेतली. बांधात ठरावीक जागी मानस असते, दगडी बांधणीत बसवलेली लाकडी दारं. भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की दार आपोआप मिटतं, ओहोटी लागली की आतलं पाणी ते ढकलून बाहेर निघून जातं, ना मोटर ना माणूस. पावसाळ्यात गोड्या पाण्यावर भात, तेही कोरगुटसारखं खारटपणा सोसणारं, आणि पाणी बाहेर पडताना मानशीच्या तोंडाशी जाळं लावून मासे. पण खेकड्याने बांधात बीळ केलं आणि ते वेळेवर बुजवलं नाही तर दोन-चार उधाणांत तिथे भगदाड पडतं, आणि मग एकट्याचं शेत जात नाही, बांधाच्या आतलं सगळंच जातं. त्यामुळे इथे 'माझं शेत मी बघेन' चालतच नाही.

म्हणून गावकरी. गावात आधी वसलेल्या घराण्यांची ती मंडळी, जमीन सगळ्यांची मिळून, शेतांचे तुकडे ठरावीक मुदतीने पावणीला, म्हणजे लिलावाला, काढायचे, येणाऱ्या पैशातून बांधाची डागडुजी, देवळाचा खर्च आणि राजाचा सारा भागवायचा आणि उरलेलं गावकरांत वाटून घ्यायचं. एकदम आदर्श वगैरे अजिबात नव्हतं हं, वाटा फक्त पुरुषांना, वंशपरंपरेने, आणि जो खरं तर चिखलात उतरायचा त्याला त्यात बोलायला जागा नव्हती. पण बांध टिकायचे.

त्या काळी बेटाचं मोठं नाव होतं ते सप्तकोटीश्वरामुळे. गोव्याच्या कदंबांचं हे आराध्यदैवत, राजे आपल्या बिरुदात सप्तकोटीश्वराचा वरप्रसाद मिळाल्याचं लिहायचे, आणि देऊळ दिवाडीवरच्या नार्व्यात. चौदाव्या शतकात बहमनी फौजांनी ते पाडलं, मग विजयनगरचा माधवमंत्री आला आणि शतकाच्या अखेरीस त्याने ते पुन्हा उभं केलं. १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा घेतला आणि १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळं पाडली गेली त्यात हेही गेलं. लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला नेलं गेलं. पिएदादच्या टेकडीवरचा गणपतीही असाच फिरत फिरत शेवटी खांडोळ्याला पोचला. आज टेकडीवरच्या दफनभूमीत जे छोटं कपेल आहे त्यात जुन्या कदंबकालीन देवळाचा भाग शिल्लक आहे, दगडात कोरलेली जाळी बघितली की कळतं.

आता यातली खरी विचार करण्यासारखी गोष्ट. देवळं पाडणाऱ्या त्याच सरकारने गावकरीला मात्र हात लावला नाही. उलट १५२६ मध्ये आफोन्सो मेशियाने तिसवाडीतल्या गावांचे रीतिरिवाज लिहून काढले, तोच प्रसिद्ध फोराल. कारण सरळ होतं, सारा गावाकडून एकत्र वसूल होत होता आणि बांध फुटले असते तर साराही बुडाला असता. पुढे धर्मांतरं झाली तरी बऱ्याच ठिकाणी गावकर तेच राहिले, फक्त नावं बदलली. गावकरीची कोमुनिदाद झाली आणि पूर्वी जो पैसा देवळाला जायचा तो चर्चला जायला लागला.

तिथून फिर्गजेचा काळ. फिर्गज म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गाव, पण ते नुसतं रविवारच्या मिसापुरतं (प्रार्थनेपुरतं) प्रकरण नव्हतं. जन्म, लग्न, मृत्यू सगळं पाद्री विगाराच्या, म्हणजे चर्चच्या मुख्य पाद्रीच्या, वहीत, कोफ्रारियांकडे (चर्चच्या भक्तमंडळांकडे) फेस्त आणि पैसा, आणि उत्तर काळात सरकारी माणूस म्हणून रेजिदोर, तोसुद्धा फिर्गजेच्या हद्दीप्रमाणेच नेमलेला. म्हणजे पोर्तुगीज गोव्यात धार्मिक नकाशा आणि सरकारी नकाशा बऱ्यापैकी एकच होता. पिएदादचं आत्ताचं चर्च अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं, त्याचा आराखडा आंतोनियो जुआंव द फ्रियश या गोंयकार पाद्रीने केल्याचं सांगतात. आत छताजवळचं नक्षीकाम जरूर बघा, जुन्या गोव्यातल्या अवाढव्य चर्चेसपेक्षा मला तरी हे जास्त आवडतं.

या सगळ्या काळात बेटाची उत्तर बाजू म्हणजे चक्क आंतरराष्ट्रीय सरहद्द होती! नदीपलीकडे डिचोली, आधी आदिलशाही, मग मराठे, आणि अलीकडे नार्व्याला पोर्तुगीजांचा नाका. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी डिचोलीच्या नार्व्यात सप्तकोटीश्वराचं देऊळ बांधायला घेतलं ते याच सरहद्दीवर, दारावर शके १५९० चा लेख अजून आहे. नुसतं देऊळ बांधलं असं याकडे बघू नये, पाण्यापलीकडून पोर्तुगीजांना रोज दिसेल अशी ती जागा होती. राज्य सरकारने अलीकडे त्याचा जीर्णोद्धार केला. पुढे १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या सैन्याने रात्री ओहोटीचा फायदा घेऊन शेजारचं जुवे बेट घेतलं, ते परत मिळवायला स्वतः व्हाइसरॉय गेला आणि मार खाऊन, जेमतेम जीव वाचवून परतला. दिवाडीवाल्यांनी ती रात्र कशी काढली असेल देव जाणे. १७८१ मध्ये डिचोली पोर्तुगीजांकडे गेली आणि मग ही सरहद्द मिटली.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पुढच्याच वर्षी पंचायतींचा कायदा आला आणि निवडणुकाही झाल्या. दिवाडीवर एक नाही तर दोन पंचायती, गोलती-नावेली आणि सां मातीयश. रेजिदोर गेला, सरपंच आला. पण जमिनीचं काय? ती कोमुनिदादकडेच राहिली, आणि कोमुनिदादचा कायदासुद्धा पोर्तुगीजकालीनच, ज्यावर वर्षानुवर्षं दुरुस्त्या चालू आहेत. मग १९६४ चा कूळ कायदा आला, त्यानंतर १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला मालकी मिळायची वाट झाली. न्याय म्हणून हे हवंच होतं, मला त्यात शंका नाही. पण शेतांचं उत्पन्न गेल्यावर कोमुनिदादने बांध कशाला सांभाळावेत? ते काम कुळांच्या संघटनांवर आलं, मदतीला सरकारी अनुदान.

आणि गाडी इथेच रुळावरून घसरली. भातशेती परवडत नाही, मुलं पणजीत, गल्फमध्ये, पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला. शेतं पडीक, मग बांधाकडे लक्ष द्यायला कोणाला वेळ. उलट मानशीच्या मासेमारीची पावणी मात्र चांगल्या पैशाला जाते, आणि ज्याने ती घेतली त्याला भातापेक्षा कोळंबीत रस, मग दारं मुद्दाम उघडी ठेवून खारं पाणी आत घ्यायचे प्रकार होतात, अशी तक्रार गोव्यातल्या खाजनांबद्दल सर्रास ऐकू येते. एकदा शेत खारं झालं की ते परत भातावर आणायला काही पावसाळे जातात. पंचायतीला विचारा तर ती म्हणते जमीन आमची नाही, कोमुनिदाद म्हणते कुळांना विचारा, कुळं म्हणतात अनुदान आलं नाही.

हद्दीवरून भांडण हा तर इथला जुना खेळच. बोंदेरांची गोष्टही तीच, वाड्यावाड्यांत सीमेवरून मारामाऱ्या व्हायच्या म्हणून पोर्तुगीजांनी हद्दीवर झेंडे रोवले आणि लोकांनी ते पाडले, असं सांगतात. आता ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी त्याची मिरवणूक निघते, चित्ररथ, बँड, आणि पोरांच्या हातात फोताश, म्हणजे बांबूची खेळण्यातली बंदूक, आत हिरवी फळं कोंबून उडवायची. गर्दी इतकी की त्या दिवशी फेरीच्या रांगेत न अडकलेला माणूस सापडणं कठीण.

पुलाचा वादही याच चौकटीत बघायला हवा. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आजारी आहे आणि रात्री-अपरात्री फेरी नाही त्यांना पूल हवा असणार, त्यांना निसर्गप्रेमाचे डोस पाजण्यात अर्थ नाही. नको म्हणणाऱ्यांची भीतीही खरी आहे, पूल झाला की टेकडीचे प्लॉट पडतील, आणि खाजनं किनारपट्टीच्या नियमांनी कागदावर सुरक्षित असली तरी आधी बांध फुटू द्यायचा, मग शेत पडीक आणि शेवटी 'आता इथे काही पिकत नाही' म्हणून भराव टाकायचा, हा क्रम गोव्यात सगळ्यांना पाठ झालाय. फेरी असो की पूल, आधी बांधाचा एक धनी ठरवा, पंचायत, कोमुनिदाद, कूळ संघटना, कोणीही चालेल, पण पैसा आणि जबाबदारी एकाच दारात असू दे.