आइस एज ट्रेलवरचं सेक्शन हायकिंग

शेकडो किलोमीटरची पायवाट एका दमात न चालता, सुट्टी मिळेल तशी तुकड्या-तुकड्यांनी चालत काही महिन्यांत नाहीतर वर्षांत पूर्ण करायची, याला सेक्शन हायकिंग म्हणतात. नाशिकच्या ट्रेकर मंडळींना हा प्रकार नवा नाही, सातमाळा रेंज अचल्यापासून चांदवडपर्यंत सलग मारणारे थोडेच, बाकीचे एका वीकेंडला रवळ्या-जवळ्या आणि मग कधीतरी धोडप असंच करतात, आणि नर्मदेची खंड परिक्रमा करणारं कुणीतरी ओळखीत असतंच.

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातली आइस एज ट्रेल साधारण १,९०० किमीची आहे. पश्चिमेला सेंट क्रॉय फॉल्स, पूर्वेला स्टर्जन बे. १९५०च्या दशकात मिलवॉकीचे वकील रे झिलमर यांनी ही कल्पना लावून धरली, १९८० मध्ये तिला राष्ट्रीय दर्जा मिळाला. झाडांवर पिवळे उभे पट्टे दिसले की आपण वाटेवर आहोत. पण हे पट्टे निम्म्याहून थोड्याच जास्त अंतरावर आहेत, मधले तुकडे अजून साध्या रस्त्यांनी जोडलेत.

खरी मजा जमिनीत आहे. शेवटच्या हिमयुगात बर्फाची चादर जिथवर पोचली, ढोबळमानाने त्याच कडेने ही वाट फिरते. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, कातळ, कडे, पायऱ्या. इथे सगळं बर्फाने ढकलत आणून टाकलेलं, म्हणजे वाळू, माती आणि गोटे. बर्फाच्या कडेला साचलेल्या ढिगाला मोरेन म्हणतात. बर्फाचा मोठा तुकडा गाळात गाडला जाऊन नंतर वितळला की वरची जमीन खचते, तो खड्डा म्हणजे केटल, बऱ्याच केटलमध्ये आज तळी आहेत. आणि बर्फाच्या पोटातल्या बोगद्यांतून वाहणाऱ्या पाण्याने जी रेती मागे ठेवली, ती शेताच्या बांधासारखी लांब वळणं घेत जंगलातून जाते, तिला एस्कर म्हणतात. केटल मोरेन भागात ओक-मेपलच्या रानात हे तिन्ही प्रकार दिसतात, कारण तिथे बर्फाच्या दोन जिभा एकमेकींना भिडल्या होत्या. डेव्हिल्स लेकला तर मोरेनने दरीची दोन्ही तोंडं बुजवून तलावच तयार केलाय.

म्हणूनच ही वाट तुकड्यांनीच चालावी असं ठामपणे वाटतं. सलग चालणारा रोजचं अंतर कापायच्या मागे असतो, सेक्शनवाल्याला एका एस्करवर अख्खी सकाळ घालवता येते, आणि तेच जंगल ऑक्टोबरच्या लाल-पिवळ्या पानांत बघायला परत जाता येतं. पूर्ण वाट, जोडरस्त्यांसकट, चालणाऱ्याला ‘थाउजंड माइलर’ म्हणून मान मिळतो, मग ती एका मोसमात झालेली असो की वीस वर्षांत.

अडचण गाडीची. नांदुरीला उतरायला एसटी मिळते तसं तिथे बहुतेक ठिकाणी नाही, त्यामुळे दोन गाड्या नेऊन एक शेवटाला लावतात, नाहीतर दोन गट समोरासमोरून निघून मध्यात किल्ल्या बदलतात. एकटा असेल तर गेला तेवढंच परत यायचं. उन्हाळ्यात गोचीड फार, त्यातल्या काहींमुळे लाइम रोग होतो, तेव्हा पँट मोज्यात खोचून चालायचं आणि संध्याकाळी अंग नीट तपासायचं. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा मोसम असतो, तेव्हा भडक केशरी जॅकेट हवंच. केटल मोरेनमधल्या मुक्कामाच्या शेडचं बुकिंग आधी करून ठेवायचं.