सरकारी ऑर्डरचं बिल अडकलंय? पोर्टल उघडण्याआधी पोच शोधा

कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग. काही वर्षांपूर्वी एका सरकारी उपक्रमाला ब्रॅकेट पाठवले, माल वेळेत पोचला, बिल मात्र सात महिने लटकलं. तक्रार भरायला बसलो तर मालासोबतच्या डिलिव्हरी चलनावर शिक्का होता, पण तारीखच नव्हती. स्टोअरवाल्यानं घाईत शिक्का उमटवला आणि आमच्या ड्रायव्हरनं गाडी काढली. आता त्याला एकच ताकीद आहे: सही, शिक्का, तारीख आणि आवक नंबर, चारही मिळाल्याशिवाय गेट सोडायचं नाही.

तारखेचं एवढं कौतुक का, ते पुढे येईलच. आधी पात्रता.

सगळं उभं आहे उद्यम नोंदणीवर, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या केंद्राच्या ऑनलाइन नोंदणीवर. ती मोफत आहे, आधार, पॅन आणि लागू असेल तर जीएसटी क्रमांकावर होते, कागद अपलोड करावे लागत नाहीत. त्यामुळे 'उद्यम काढून देतो, हजार रुपये' म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा अडीच कोटी गुंतवणूक आणि १० कोटी उलाढाल आहे, लघु उद्योगाची २५ कोटी आणि १०० कोटी. दोन्ही अटी एकदम पाळाव्या लागतात. मध्यम उद्योगालाही उद्यम प्रमाणपत्र मिळतं, पण खाली सांगितलेली खरेदीतली सवलत आणि उशिराच्या पैशांवरचं संरक्षण त्याच्या वाट्याला येत नाही. नुसत्या व्यापाऱ्याचंही तसंच: त्याची नोंदणी बँकेच्या कर्जापुरती, खरेदीतल्या सवलतीसाठी चालत नाही.

सवलत कोणाकडून मागायची, यात आपल्याकडे फार घोळ होतो. २०१२ चं सार्वजनिक खरेदी धोरण केंद्राच्या खात्यांना आणि उपक्रमांना लागू आहे. त्यांनी वर्षाच्या खरेदीतला किमान २५ टक्के माल सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा; त्या २५ पैकी ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या आणि ३ टक्के महिला उद्योजकांकडून. टेंडर फॉर्म मोफत, टेंडरसोबत भरायची बयाणा रक्कम माफ. सर्वात कमी दर मोठ्या कंपनीचा असेल आणि तुमचा दर त्याच्या १५ टक्क्यांच्या आत असेल, तर त्या दराला उतरून ऑर्डरचा वाटा मागता येतो. सांगलीची महापालिका किंवा साताऱ्याची जिल्हा परिषद मात्र या आदेशाखाली येत नाही. तिथे राज्याचे नियम पाहायचे. आणि बयाणा माफ म्हणजे अनामतही माफ, असं समजू नका. ऑर्डर मिळाल्यावरची सुरक्षा अनामत भरावीच लागते.

उशिरा मिळणाऱ्या पैशांचा कायदा वेगळा, २००६ चा. तो खरेदीदार कोणीही असो, लागू होतो. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदारानं लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचल्याच्या दिवशीच तो स्वीकारला असं कायदा धरतो. तिथून लेखी करार असेल तर करारातल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. करार नसेल तर १५ दिवसांत. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. बँक दर साडेपाच टक्के धरला तर दोन लाखांच्या बिलावर मुदत उलटल्यापासून सहा महिन्यांत सुमारे १७ हजार होतात. हे सगळं गणित चलनावरच्या एका तारखेपासून सुरू होतं. माझ्या चलनावर तीच नव्हती.

तक्रार केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या पोर्टलवर. उद्यम क्रमांक, ऑर्डरची प्रत, बिलं, पोच असलेलं चलन आणि खरेदीदाराचा पूर्ण पत्ता लागतो. मी सोबत बिलवार तक्ता जोडतो: तारीख, रक्कम, आलेले पैसे, बाकी, व्याज. प्रकरण जातं सुविधा परिषदेकडे, सातारा-सांगलीवाल्यांचं पुणे विभागाच्या. खरेदीदार जबलपूरचा असला तरी पुरवठादार जिथला, तिथली परिषद चालते, ही मोठी सोय आहे. आधी समेट, नाही जमला तर लवाद. कायदा ९० दिवस म्हणतो. मनाची तयारी जास्त दिवसांची ठेवा. निकालाला कोर्टात आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. या कलमाचा नुसता उल्लेख केलेल्या नोटिशीनं आमचं बिल निघालं, परिषदेपर्यंत जावंच लागलं नाही. तारीख मिळवली ती त्यांच्याच आवक नोंदवहीवरून, माहिती अधिकारात.

दोन ठिकाणी दावा घसरतो. उद्यम नोंदणी ऑर्डरनंतरची असेल तर खरेदीदाराचा वकील पहिला तोच मुद्दा काढतो. आणि निव्वळ बांधकामाच्या कंत्राटांना हा कायदा लागू नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत. पैसे थकल्यापासून तीन वर्षं उलटू देऊ नका, हे वेगळं सांगायला नको.

पैशांची नव्हे, टेंडरमध्येच डावलल्याची तक्रार असेल तर रस्ता दुसरा. जेमवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलवर, तांत्रिक छाननीत बाद केलं तर तिथेच लेखी निवेदन द्यायचं, आणि त्याची खिडकी थोडाच वेळ उघडी असते. शनिवारी बाद झालात म्हणून सोमवारची वाट पाहू नका. धोरणच पाळलं नसेल, उदाहरणार्थ बयाणा मागितली, तर टेंडरचा क्रमांक आणि त्यातलं कलम देऊन आधी खरेदी अधिकाऱ्याला पत्र, मग केंद्राच्या 'चॅम्पियन्स' पोर्टलवर. 'आमच्यावर अन्याय झाला' एवढंच लिहिलेल्या अर्जाला उत्तरही तसंच मोघम येतं.

आता आपली बाजू. दरवर्षी उद्यमवर मागच्या वर्षाचं आयकर विवरण आणि जीएसटीची माहिती अद्ययावत करायची असते, नाहीतर नोंदणी निलंबित होऊ शकते. बाहेरून तयार माल आणून स्वतःचा म्हणून दिला, खोटं प्रमाणपत्र जोडलं, की खरेदीदार दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकू शकतो. जेमवर खरेदीदारानं तुमच्याविरुद्ध तक्रार नोंदवली तर मुदतीत उत्तर द्या. आमच्या शेजारच्या शेडवाल्याला तशी ईमेल आली होती. ती उघडली तेव्हा मुदत संपून आठवडा झाला होता, कारण खात्याला जोडलेला मेल आयडी उद्यम काढून देणाऱ्या एजंटचा होता.