डाव्या अंगठ्याचा माग

४ एप्रिल १९६८, संध्याकाळी ६ वाजून १ मिनिट. मेम्फिसच्या लॉरेन मोटेलच्या बाल्कनीत उभे असलेले मार्टिन ल्यूथर किंग एकाच गोळीने कोसळले. काही मिनिटांतच पलीकडच्या साउथ मेन स्ट्रीटवर एका दुकानाच्या दारात गाठोडं टाकून एक माणूस पांढऱ्या मस्टँग मोटारीतून पसार झाला. गाठोड्यात रेमिंग्टन रायफल, बायनॉक्युलर, छोटा रेडिओ, बीअरचे कॅन, वर्तमानपत्र आणि कपडे होते. एवढा मुद्देमाल हाती आल्यावर आरोपी दोन दिवसांत गजाआड व्हायला हवा. त्याला ६५ दिवस लागले.

वस्तूंवर बोटांचे ठसे होते, मग अडलं कुठे? एफबीआयकडे कोट्यवधी ठसेपत्रिका होत्या. पण त्या लावल्या होत्या दहाही बोटांच्या हिशेबाने. ही पद्धत एडवर्ड हेन्री या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. तिची घडण मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्यात झाली आणि त्यातलं डोकं बरंचसं अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा पोलीस अधिकाऱ्यांचं. नाव साहेबाचं राहिलं, हे ओघानं आलंच.

पद्धत मोठी हुशार. बोटांच्या पाच जोड्या करायच्या आणि ज्या बोटावर चक्र, म्हणजे गोल फिरणाऱ्या रेषांचा ठसा, असेल त्याला जोडीनुसार १६, ८, ४, २ किंवा १ गुण द्यायचे. चक्र नसेल तर शून्य. प्रत्येक जोडीतल्या एकेका बोटाची वेगळी बेरीज करायची. या दोन बेरजांतून १,०२४ गट पडतात. दहा बोटं हातात असली की योग्य कप्पा काही क्षणांत उघडतो. एकच अंगठा असला तर मात्र शब्दाचं पहिलं अक्षर माहीत नसताना शब्दकोश चाळण्यासारखी गत. दोन ठसे शेजारी ठेवून ताडून पाहणं तज्ज्ञाला जमतं. कोट्यवधींतून तो दुसरा ठसा काढणं, हे काम निराळं. १९६८ साली संगणक ते करत नव्हता.

तोवर शिपाईगिरी सुरू होती. रायफल अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये हार्वे लोमेयर या नावाने विकली गेली होती. मेम्फिसमध्ये मोटेलसमोर घेतलेल्या खोलीचं भाडं जॉन विलार्डने भरलं होतं, तर मस्टँग एरिक गाल्टची. कपड्यावरच्या धोब्याच्या खुणेवरून लॉस एंजेलिसची एक लाँड्री सापडली, तिथेही गाल्टच. ११ एप्रिलला गाडी अटलांटात मिळाली. तिथल्या त्याच्या खोलीत शहराचा नकाशा होता आणि नकाशावर डाव्या अंगठ्याचा ठसा. गाठोड्यातल्या ठशांशी तो जुळला. म्हणजे ही सगळी नावं एकाच माणसाची. पण तो माणूस कोण?

इथे तपास करणाऱ्यांनी जो विचार केला, तो मला सगळ्या पाठलागातला सर्वांत शास्त्रीय भाग वाटतो. इतकी खोटी नावं बाळगणारा आधीपासूनच फरार असणार, असं त्यांनी धरलं. मग सगळा ढीग सोडून फक्त फरार गोऱ्या पुरुषांच्या पत्रिका काढल्या. त्या होत्या सुमारे ५३,००० आणि प्रत्येकीवर नजरेनेच काम. सातशेच्या आसपास पत्रिका झाल्या असतील, तेवढ्यात १९ एप्रिलला ठसा जुळला. जेम्स अर्ल रे, दरोड्याच्या गुन्ह्यात २० वर्षांची शिक्षा झालेला कैदी. वर्षभरापूर्वी मिसूरीच्या तुरुंगातून पावाच्या पेटीत लपून निसटलेला. गाठोड्यातल्या रेडिओवर एक आकडा खरवडून टाकलेला होता. तो त्याचाच कैदी क्रमांक होता, हे पुढे उघड झालं.

आता अशी छाननी यंत्र करतं, तीही काही मिनिटांत. पण संग्रह जितका मोठा, तितके योगायोगाने जवळजवळ सारखे दिसणारे ठसे जास्त. २००४ मध्ये माद्रिदच्या बॉम्बस्फोटांनंतर एफबीआयने ओरेगॉनमधल्या एका निरपराध वकिलाला याच चुकीपायी अटक केली होती.

१९६८ मध्ये ठसा जुळला तेव्हा रे टोरांटोत होता. कॅनडाच्या पोलिसांनी लाखाहून अधिक पासपोर्ट अर्जांवरचे फोटो डोळ्यांखालून घातले आणि चष्मा लावलेला एक चेहरा त्यांच्या नजरेत भरला: रेमन जॉर्ज स्नाइड. ८ जूनला लंडनच्या हीथ्रो विमानतळावर ब्रसेल्सला निघालेला हा ‘स्नाइड’ पकडला गेला.

मार्च १९६९ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, ९९ वर्षांची शिक्षा घेतली आणि तीन दिवसांत कबुली फिरवली. कैदेत असतानाच १९९८ साली मरेपर्यंत तो नाकारतच राहिला. त्याच्या नकाराला थोडा आधार विज्ञानाकडूनच मिळाला. गोळी शरीरात इतकी वेडीवाकडी झाली होती की ती त्याच रायफलीतून सुटली, असं एफबीआयच्या प्रयोगशाळेला ठामपणे सांगता आलं नाही आणि दहा वर्षांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीने नेमलेल्या तज्ज्ञांनाही नाही. रायफल कुणी हाताळली, हे ठशांनी सांगितलं. ती झाडली कुणी, हे ठसा सांगत नाही. समितीने साऱ्या पुराव्यांची सांगड घालून गोळी रेनेच झाडली, असा निष्कर्ष काढला.