मशीन ३२-बिट की त्यातली विंडोज ३२-बिट?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट बंद झाले आणि माळ्यावरचे जुने लॅपटॉप खाली यायला लागले. सोबत ठरलेला प्रश्न: “आमचं मशीन ३२-बिट आहे, त्यावर कुठलं लिनक्स चालेल?” (लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम; ३२ किंवा ६४ बिट म्हणजे प्रोसेसर एका दमात केवढा आकडा हाताळतो ते.) कशावरून ३२-बिट, असं विचारलं की उत्तरही ठरलेलं: “प्रॉपर्टीजमध्ये लिहिलंय की.”

लिहिलंय, पण ते विंडोजबद्दल. विंडोज ७ च्या त्या खिडकीत ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम’ एवढंच येतं. प्रोसेसरला काय झेपतं ते तिथे येतच नाही. विंडोज १० निदान त्याच ओळीत पुढे ‘एक्स६४ बेस्ड प्रोसेसर’ असं जोडते, पण ओळ अर्धीच वाचायची आपली सवय. एसटीत दोनच प्रवासी दिसले म्हणून गाडी दोन सीटची होत नाही.

६४-बिट प्रोसेसरवर ३२-बिट विंडोज खुशाल चालते, आणि एका काळात दुकानवाले सर्रास तीच टाकून द्यायचे. त्याला कारणंही होती. जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर ३२-बिटच मिळायचे आणि डॉसमधला हिशेबाचा प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर उघडतच नाही. रॅम २ जीबी असली की ६४-बिटचा फायदाही फारसा दिसत नसे. त्यामुळे २००७ ते २०१२ च्या कित्येक ६४-बिट मशीनांनी सगळं आयुष्य ३२-बिट म्हणून काढलं.

लिनक्सवाले शहाणे असतात असं समजू नका. ते टर्मिनलमध्ये ‘युनेम -एम’ (uname -m) ही कमांड चालवतात, ‘आय६८६’ (३२-बिटचं नाव) असं उत्तर वाचतात आणि कपाळाला हात लावतात. युनेम सांगतो तो चालू असलेल्या कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा, प्रकार. ३२-बिट पेनड्राइव्हवरून बूट केलंत तर तो ३२-बिटच म्हणणार. चालवायचं ते ‘एलएससीपीयू’ (lscpu), आणि तिथेही पहिली ओळ सोडून द्यायची. ३२-बिट कर्नल असेल तर ‘आर्किटेक्चर’समोर तेच आय६८६ दिसतं. खरं उत्तर त्याखालच्या ‘ऑप-मोड’च्या ओळीत आहे. तिथे ‘३२-बिट, ६४-बिट’ दोन्ही असतील तर प्रोसेसर ६४-बिट. फक्त ३२-बिट असेल तर खरोखर ३२-बिट. ‘प्रॉक’मधली ‘सीपीयूइन्फो’ फाइल (/proc/cpuinfo) वाचण्याची हौस असेल तर फ्लॅग्जमध्ये ‘एलएम’ (lm) शोधा. ती ‘लाँग मोड’ची, म्हणजे ६४-बिटची खूण.

रॅमवरूनही निदान करू नका. ४ जीबी बसवून ३.२ च दिसते, म्हणजे ३२-बिट? इंटेलच्या ९४५ चिपसेटवर (प्रोसेसर आणि रॅम जोडणारी मदरबोर्डवरची चिप) ६४-बिट लिनक्स टाकलं तरी साधारण तेवढीच दिसते. ती मर्यादा चिपसेटची.

एवढा जीव का तोडतोय? कारण उत्तर चुकलं की माणूस आपण होऊन बोळात शिरतो, आणि तो बोळ पुढे बंद आहे. उबंटू, फेडोरा, डेबियन हे लिनक्सचे प्रकार. उबंटूने ३२-बिट डेस्कटॉपची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) २०१७ मध्येच थांबवली, फेडोराने २०१९ मध्ये ३२-बिट कर्नल सोडला. क्रोम २०१६ पासून ३२-बिट लिनक्सवर नाही, फायरफॉक्सनेही १४५ व्या आवृत्तीपासून रामराम केला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. कोअर २ ड्युओवर (हा ६४-बिट प्रोसेसर) ३२-बिट डेबियन १२ टाकून बसलेल्याला पुढे जायचं तर सगळं पुसून नव्याने ६४-बिट टाकावं लागतं. पहिल्याच दिवशी ते टाकलं असतं तर?

“पण रॅम २ जीबीच आहे, ३२-बिट हलकं पडेल ना?” थोडं पडेल. ६४-बिटमध्ये पॉइंटर (मेमरीतले पत्ते) दुप्पट लांबीचे, म्हणून मेमरी जरा जास्त लागते. पण ब्राउझरच्या चार टॅब जेवढं खातात त्यापुढे ते किरकोळ. १ जीबी असेल तर तुमचा हट्ट मी ऐकून घेईन. २ जीबीला ६४-बिट, वर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप, आणि पैसे असतील तर एसएसडी. त्यावर चर्चा नको.

नावांचे घोळ थोडक्यात. ‘एएमडी६४’ ही आयएसओ इंटेललाही चालते. ६४-बिटची ही रचना २००३ मध्ये एएमडीने आधी बाजारात आणली, एवढाच त्या नावाचा अर्थ. ‘इंटेल आहे म्हणून आय३८६ (३२-बिटची आयएसओ) उतरवलं’ हे वाक्य मला यापुढे ऐकायचं नाही. आणि आय३८६ म्हणजे खरा १९८५ चा ३८६ सुद्धा नव्हे. लिनक्स जन्मलं त्याच चिपवर, पण २०१३ च्या ३.८ कर्नलपासून तिला जागा नाही. डेबियनने फक्त जुनी पाटी ठेवली आहे.

खरे ३२-बिट कोण? पेंटियम ३, पेंटियम एम, बरेचसे पेंटियम ४ (शेवटचे काही ६४-बिट आहेत, म्हणून एलएससीपीयू) आणि नेटबुकमधला अॅटम एन२७०. त्याच घराण्यातला २०१० चा एन४५० मात्र ६४-बिट. सगळ्यात फसवी जोडी २००६ ची: जानेवारीतला कोअर ड्युओ ३२-बिट, जुलैतला कोअर २ ड्युओ ६४-बिट. स्टिकरवरचा तो ‘२’ बघा. स्टिकर निघालं असेल तर मॉडेल नंबर: लॅपटॉपमधला टी२३०० पहिल्यातला, टी५५०० दुसऱ्यातला.

मशीन खरंच एन२७० निघालं, तर डेबियन १२ किंवा अँटीएक्स या हलक्या लिनक्सची ३२-बिट आयएसओ घ्या. गाणी, टायपिंग, टर्मिनल नीट चालेल. यूट्यूब ब्राउझरमध्ये उघडू नका, पंखा रडायला लागतो.